बदलापूरच्या खोलीतला आवाज

पुतळाबाईंनी कॅमेरा पहिल्यांदा पाहिला तेव्हा आधी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मग त्याच्याकडे पाठ करून बसल्या. त्या बदलापूरला, धाकट्या मुलाच्या नव्या फ्लॅटमध्ये. आणि हे सगळं लॅपटॉपवर बघत होती त्यांची मोठी सून स्वप्नाली, अंबरनाथला, शिवमंदिराच्या अलीकडच्या गल्लीतल्या आपल्या घरात. तिला हसू फुटलं. बऱ्याच महिन्यांनी हसली होती ती. फोन लावून तिने सासूला सांगितलं, की आत्या, मीच बघतेय, दुसरं कुणी नाही, नीट इकडे तोंड करून बसा.

"तू बघतेस ते ठीक आहे गं," पुतळाबाई म्हणाल्या. "पण हा डबा आणखी कुणाकुणाला सांगतो, ते कुणी बघितलंय?"

हीच भीती मिलिंदला होती. मिलिंद म्हणजे स्वप्नालीचा धाकटा दीर. कुणाच्या तरी घरातला कॅमेरा परक्या माणसांना दिसत होता असं त्याने ऑफिसात ऐकलं होतं, आणि तेव्हापासून आपल्या पोरीच्या पाळण्यावर असली वस्तू नको म्हणून तो अडून बसला होता. पण दुसरा इलाज दिसत नव्हता. त्याची बायको मनाली उल्हासनगरला, कॅम्प एकमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती. बाळंतपणाची रजा संपली होती. छोट्या उन्नतीला सांभाळायला पुतळाबाई बदलापूरला जाऊन राहिल्या होत्या. सकाळभर त्या तिला छान खेळवायच्या, न्हाऊ-माखू घालायच्या. पण दुपारचं जेवण झालं की त्यांचे डोळे मिटायचे ते मिटायचेच, आणि डाव्या कानाने तर त्यांना आधीपासूनच कमी ऐकू यायचं. पोर आता पालथी पडायला लागली होती. लॅबमध्ये शिरताना फोन खणात टाकावा लागायचा, त्यामुळे मनाली दुपारभर तिथे नुसती तळमळायची.

तेव्हा स्वप्नालीच म्हणाली, की मी घरूनच काम करते, दिवसभर लॅपटॉपसमोर असते. एका कोपऱ्यात बाळ दिसत राहिलं तर मला जड नाही.

काम तिचं इंटरनेट कंपनीच्या ग्राहकांचे फोन घ्यायचं. कानाला हेडफोन, तोंडाने निम्मी मराठी निम्मी हिंदी. कॅम्पातला एखादा सिंधी दुकानदार कावलेला असायचा, बेटा, डिब्बा तीन बार बंद करके चालू किया. आणि ही शांतपणे म्हणायची, साईं, दिव्याचा रंग तेवढा सांगा. त्यामुळे वायर, राउटर, फायरवॉल या गोष्टी तिच्या रोजच्या हाताखालून गेलेल्या होत्या. एका रविवारी बदलापूरला जाऊन तिने मिलिंदचा जुना कॉम्प्युटर झटकला, त्यावर फायरवॉल बसवली आणि कॅमेरा तिच्या आड ठेवला. मिलिंदला समजावून सांगितलं, की भाऊजी, हा कॅमेरा आता बाहेर कुणाशीच बोलणार नाही. बाहेरून कुणी आलं तरी दारातूनच परत जाईल. फक्त आमच्या अंबरनाथच्या घराला तेवढी वाट ठेवली आहे. तेही चित्राची. आवाजाची नाही.

आवाजाचं मिलिंदनेच म्हटलं होतं. खोलीत माणूस नाही आणि आवाज येतोय, पोर घाबरेल. मनालीनेही मान हलवली. बघायचं, बोलायचं नाही, असं ठरलं.

"म्हणजे आपल्या दोन घरांत एकच नळ," पुतळाबाईंनी आपल्यापुरता अर्थ लावला, आणि तिसऱ्या दिवसापासून त्या कॅमेऱ्यासमोर खुशाल भाजी निवडायला बसू लागल्या.

स्वप्नालीने हे काम आपण होऊन मागून घेतलं, यात जाऊबाईवरचे उपकार नव्हते. यामागे जे होतं ते घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

दोघी जावा एकाच वेळी गरोदर होत्या. डोहाळजेवण एकाच मांडवात झालं, दोघींना एकसारख्या हिरव्या साड्या, आणि फोटोत कुणाचं पोट मोठं यावरून चेष्टा. स्वप्नालीचा मुलगा आठव्या महिन्यात आला. तो रडलाच नाही. नर्सने त्याला टॉवेलात गुंडाळून तिच्या हातात दिलं तेव्हा तो कोमट होता, आणि तिला वाटलं की सगळे चुकताहेत. मग जयदेवने, तिच्या नवऱ्याने, तो तिच्या हातातून घेतला. कसा घेतला ते तिला आठवत नाही. हात मात्र आठवतात त्याचे; एमआयडीसीतल्या मशिनवर चालणारे दणकट हात, आणि ते टॉवेलाची कड पुन्हा पुन्हा सारखी करत होते.

ती घरी आली. छाती दगडासारखी झाली होती. शेजारणींनी सांगितलं तसं फडकं घट्ट बांधून ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. आणि तेवढ्यात मनालीची वेळ आली. मुलगी झाली, ठणठणीत. पण मनालीला ताप चढला, आत काहीतरी चिघळलं, तिला दुसऱ्या वॉर्डात हलवलं. औषधं इतकी कडक, की डॉक्टरांनी तिचं दूध बाळाला द्यायचं नाही म्हणून बजावलं. वरचं दूध पोर घेईना. घेतलं तरी उलटून टाकायची.

पुतळाबाई दुपट्यात गुंडाळलेलं ते पिल्लू घेऊन मोठ्या सुनेच्या अंथरुणाशी येऊन बसल्या. मग त्यांनीच हात घालून फडक्याची गाठ सैल केली.

"तिला भूक आहे आणि तुझ्याकडे आहे," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे असतं तर तुला विचारायला आले नसते, बाई."

स्वप्नालीने कूस बदलली.

महिनाभर उन्नती तिच्या अंगावर होती. त्या महिन्याबद्दल तिने कधी कुणाला काही सांगितलं नाही. जयदेवलाही नाही. तोंड लागलं की आधी कळ यायची, टाचेपर्यंत जाणारी, आणि मग ती कळ उतरता उतरता सगळं अंग सैल व्हायचं. पोर पिता पिता मध्येच थांबून हुंकार द्यायची, बोटांनी तिचा गाऊन मुठीत धरायची. स्वप्नाली डोळे मिटायची नाही. मिटले असते तर मनात दुसरंच बाळ आलं असतं, आणि या बाळाला ते कळलं असतं अशी तिला भीती वाटायची.

मग मनाली बरी होऊन आली. अर्धी झाली होती. दारातच उभी राहिली, आत यायलाही संकोचत होती. स्वप्नालीने उठून पोर तिच्या हातात दिली. एका शब्दानेही कुणी मागितली नव्हती. मनाली वाकून पाया पडली, दोघी रडल्या, पुतळाबाईंनी दोघींना चहा दिला. दुसऱ्या दिवसापासून स्वप्नालीने दूध आटवायच्या गोळ्या सुरू केल्या. फ्लॅटचा ताबा मिळाला तसे मिलिंद आणि मनाली बदलापूरला गेले.

सुरुवातीला स्वप्नाली दर रविवारी जायची. पण पोर घेतली की ती मान वळवून तिच्या छातीत तोंड खुपसायची, सवयच ती, आणि मनाली पटकन पुढे होऊन म्हणायची, द्या ताई, शी केली असेल तिने. कुणी वाईट वागत नव्हतं. पण रविवार गळत गेले. आधी एकाआड एक, मग महिन्याने, मग सणालाच.

म्हणून तो लॅपटॉपचा कोपरा. पत्त्याएवढी एक चौकट. तिच्यात बदलापूरची खोली, खिडकीतून येणारं ऊन, गादी, आणि गादीवर ती. स्वप्नालीने तिला तिथेच मोठं होताना पाहिलं. पोटावर सरकताना, बसताना, बसल्या बसल्या कलंडताना. ग्राहकाला दिव्याचा रंग विचारता विचारता तिला हसू यायचं आणि पलीकडचा माणूस म्हणायचा, मॅडम, इसमें हँसने का क्या है. संध्याकाळी जयदेव पाळीवरून आला की टिफिन धुता धुता ती त्याला सांगायची, आज तिने पायाचा अंगठा तोंडात घातला. तो म्हणायचा, हं. मग जरा वेळाने विचारायचा, कुठल्या पायाचा?

दिवाळीच्या आधी एका दुपारी पुतळाबाई भिंतीला टेकून झोपल्या होत्या आणि उन्नतीला उशीच्या शिवणीतून निघालेली दोरी सापडली. तिने ती तोंडात घातली. ओढत गेली, घालत गेली. स्वप्नालीने सासूला फोन लावला. तो स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला, वाजतोय पण उठतंय कोण. मनालीचा फोन खणात. मिलिंद उचलेना. पोरीला ठसका लागला. स्वप्नालीने ग्राहकाला मध्येच तोडलं, फायरवॉलमध्ये शिरली, आवाजाची वाट उघडली आणि जिवाच्या आकांताने ओरडली, "आत्या, उठा, तिच्या तोंडात दोरी आहे."

पुतळाबाई दचकून उठल्या, बोट घालून दोरी काढली, पोरीला पाठीवर थोपटलं. मग कॅमेऱ्याकडे बघून हात जोडले.

आवाज उद्या बंद करू, असं स्वप्नालीने ठरवलं. मनालीला दोरीचं सांगितलं, पण आत्यांना फोनवरून उठवलं असं म्हणाली. आणि उद्या बंद केला नाही. हवाच की, पुन्हा असं झालं तर. हे खरंही होतं. पण दोनच दिवसांनी उन्नती झोपेतून कुरकुरत उठली. दोरी नाही, काही नाही, नुसती कुरकुर. आजी घोरत होती. स्वप्नाली माइक जवळ घेऊन हळूच म्हणाली, "ओ, ओ, ओ. काय झालं माझ्या बायला?"

पोर गप्प झाली. तिने मान उचलून शोकेसवरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. आणि हसली.

इकडे स्वप्नालीच्या ब्लाउजवर दोन ओले डाग उमटले होते. गोळ्या संपूनही इतके महिने झाल्यावर.

त्यानंतर रोज दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, ती बोलायची. आणि मग गायला लागली. गाणं तिचं स्वतःचंच होतं. तिचं माहेर बारवी धरणाच्या काठच्या पाड्यातलं. पोटात बाळ होतं तेव्हा माहेरच्या ओट्यावर बसून तिने चार ओळी जुळवल्या होत्या आणि त्या कुणासमोर म्हणायची वेळच आली नव्हती.

बारवीच्या धरणात निजलं पाणी,
भातावर निजली वाऱ्याची गाणी,
कुशीत निजलं माझं शहाणं,
आता नको गं कुठं जाणं.

एवढंच. पुन्हा पुन्हा. उन्नती कॅमेऱ्याखाली येऊन आडवी व्हायची, बोट तोंडात घालायची आणि झोपायची. पुतळाबाईंना त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही आणि सांगण्यासारखंही. घरातलीच सून घरातल्याच पोरीला गाणं म्हणते. मनालीला ठाऊक नव्हतं. स्वप्नालीने सांगितलं नव्हतं. रोज ती मनात म्हणायची, आज सांगू.

उन्नतीचा पहिला वाढदिवस रविवारी आला. स्वप्नालीने चालल्यावर चूं चूं वाजणारे बूट घेतले, लाल फ्रॉक घेतला, आणि जयदेवबरोबर निघाली. वाटेत जयदेव म्हणाला, "तुला ओळखेल का गं ती?" स्वप्नाली नुसती हसली. चेहरा नसेल ओळखत, पण आवाज? रात्रीपासून ती एकच गोष्ट डोळ्यांसमोर आणत होती. आपण दारात गुडघ्यांवर बसायचं. हाक मारायची. ती वळेल आणि दुडदुडत येईल.

घर भरलं होतं. बुद्धवंदना नुकतीच झाली होती, अगरबत्तीचा वास होता, मुलं फुग्यांमागे लागली होती, मनाली केकच्या टेबलाशी मेणबत्ती बसवत होती. उन्नती भिंतीला धरून उभी होती. स्वप्नाली चपला काढून दारातच गुडघ्यांवर बसली, हात पसरले, आणि दुपारच्या त्याच आवाजात म्हणाली, "उन्नू, माझी बाय ती."

पोर जागच्या जागी थांबली. तिचा चेहरा असा उजळला की बघणाऱ्यांनीही हसावं. तिने भिंत सोडली, वळली, आणि स्वप्नालीकडे पाठ करून शोकेसकडे गेली. दोन्ही हात वर केले.

"आई," ती कॅमेऱ्याला म्हणाली.

स्वप्नालीचे हात तसेच पसरलेले होते. इथे तिने गप्प बसायला हवं होतं. पण तिच्या तोंडून निघून गेलं, "अगं, मी इकडे आहे, राणी." आवाज पुन्हा ऐकताच पोर आणखीच खूश झाली. शोकेसच्या काचेवर तळहात आपटत, टाचा उंचावत, "आई, आई" करू लागली. दारात गुडघ्यांवर बसलेल्या बाईकडे तिने वळूनही पाहिलं नाही.

सगळे हसले. शेजारच्या एक बाई म्हणाल्या, काय गं मनाली, तुझी पोर शोकेसला आई म्हणते होय? पुतळाबाईंनी कौतुकाने सगळ्यांना समजावलं, की दुपारी आमची स्वप्ना त्यातून गाणं म्हणते ना, त्याशिवाय झोपत नाही पोर. मोठी आई म्हणत असेल ती. आणि बोलता बोलता त्यांचं लक्ष मनालीकडे गेलं आणि त्या थांबल्या.

मनालीच्या हातात काडी होती. पेटलेली. बोटापर्यंत आल्यावर तिने ती फुंकली. मग दुसरी काढून मेणबत्ती लावली. केक कापला. सगळ्यांना वाढला. स्वप्नालीच्या बशीत फुलाचा तुकडा घातला.

पाहुणे पांगल्यावर दोघी जावा स्वयंपाकघरात भांडी घासत होत्या. मनाली घासत होती, स्वप्नाली विसळत होती.

"ताई, आवाज कधीपासून आहे?"

"दिवाळीच्या आधीपासून."

"मला का नाही सांगितलं?"

स्वप्नालीकडे दोरीचं कारण होतं. आत्यांच्या कानाचं होतं. ती म्हणाली, "तू बंद कर म्हणाली असतीस."

मनालीने साबण लावलेलं ताट स्वतःच नळाखाली धरलं. "हो. म्हणाले असते." "ताई, तुम्ही तिला पाजलंत. कुणी न विचारताही मी हे लोकांना सांगते. लाज नाही वाटत मला त्याची. पण मी सकाळी निघते तेव्हा ती झोपलेली असते आणि येते तेव्हा पेंगुळलेली. मला तिचा एक रविवार मिळतो. आणि रविवारी दुपारी ती माझ्या मांडीवर झोपत नाही. त्या शोकेसखाली जाऊन बसते. मला वाटायचं, तिला काचेतलं काही आवडतं." तिने हाताने काचेचा आकार दाखवला आणि तो ओला हात तसाच हवेत राहिला. "तुम्ही बघा. बघायला माझी काही ना नाही. पण आवाज बंद करा."

"आज घरी गेले की करते," स्वप्नाली म्हणाली.

आणि तिने केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी उन्नती चूं चूं करत शोकेसखाली आली. कॅमेऱ्याकडे बघत उभी राहिली. वाट पाहिली. "आई," म्हणाली. पुन्हा म्हणाली. मग तिने काचेवर तळहात आपटला. खोलीतला आवाज स्वप्नालीला आता ऐकू येत नव्हता. आवाज बंद म्हणजे जाणारा आणि येणारा दोन्ही. चौकटीत नुसतं तोंड उघडझाप होताना दिसत होतं, आणि मग ते वाकडं होऊन उघडंच राहिलं. पुतळाबाई जाग्या झाल्या. त्यांनी पोरीला कडेवर घेतलं आणि कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आल्या. त्यांचे ओठ हलले. बोल की गं, पोर बोलावतेय. ऐकू येत नसलं तरी ते कळत होतं. त्यांनी कॅमेऱ्याला दोन चापट्या मारल्या, बिघडलेल्या रेडिओला माराव्यात तशा.

स्वप्नाली ग्राहकाला सांगत होती की राउटरच्या मागचं बटण दाबून धरा. सोडू नका. मी सांगेपर्यंत सोडू नका.

असं आठवडाभर चाललं. पोर दुपारची झोपेना, संध्याकाळी किरकिर करू लागली, जेवण कमी झालं. पुतळाबाईंनी फोन केला की डबा बिघडलाय, येऊन बघ. स्वप्नाली म्हणाली, "तो दुरुस्त करायचा नाही, आत्या." म्हातारी म्हणाली, "दोघींत मी मधल्यामधे पोरीला काय सांगू, तेवढं तरी सांग."

कॅमेरा काढून टाकला तर आजीच्या डुलक्यांत पोरीवर लक्ष कुणाचं? ठेवला तर ती त्याला हाक मारणार. एकदा आई म्हणून ज्याच्याकडे बघितलं, त्यातून कुणीतरी ओ द्यायलाच हवी होती.

तिने मनालीला जेवणाच्या सुट्टीत फोन केला. म्हणाली, तुझ्या फोनला वाट काढून देते. तू बघ, तूच बोल. मनाली म्हणाली, फोन खणात असतो ते माहीत आहे ना तुम्हाला. मग तीच म्हणाली, थांबा. तिने लॅबच्या मुख्य बाईंना सगळं सांगितलं, अगदी पाजण्यापासून. बाईंनी ऐकून घेतलं आणि फोन टेबलावर ठेवायची परवानगी दिली. तेवढ्यापुरती, जेवणाच्या वेळेपासून आजी उठेपर्यंत.

स्वप्नालीने अंबरनाथहून बदलापूरच्या फायरवॉलमध्ये मनालीच्या फोनची नोंद घातली. चित्र आणि आवाज, दोन्ही.

"ती माझ्या आवाजाने आणखी रडेल, ताई."

"आधी रडेल. मग नाही रडणार."

"तुम्ही काय म्हणायचात तिला? दुपारी?"

स्वप्नालीने खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या गॅलरीत कुणीतरी चादर झटकत होतं. तिने फोन तोंडाजवळ घेतला आणि ते गाणं म्हटलं. मनालीने पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा एकदा. मग ती स्वतः म्हणू लागली, लॅबच्या जिन्यात उभी राहून, दबक्या आवाजात, आणि "वाऱ्याची गाणी" च्या जागी "वाऱ्याची राणी" म्हणाली. स्वप्नालीने ते तसंच राहू दिलं.

"तुमचंही असू द्या ताई," फोन ठेवताना मनाली म्हणाली. "तुम्हीही बघा."

"हो," स्वप्नाली म्हणाली.

चौकटीत उन्नती शोकेसखाली बसली होती. एकाएकी तिने मान वर केली. कॅमेऱ्यातून आवाज आला असणार. ती उभी राहिली, हात वर केले, आणि मग हात अर्ध्यावर थांबले. हा तो आवाज नव्हता. ती कान देऊन ऐकत राहिली. ओठ बाहेर आला, आता रडणार असं वाटलं. रडली नाही. खाली बसली. मग आडवी झाली. बोट तोंडात गेलं. जरा वेळाने बोट काढून तिचे ओठ हलले, आ आणि ई, आणि पुन्हा बोट तोंडात गेलं.

स्वप्नालीने खाली पाहिलं. तिचा उजवा हात माउसवर होता, आणि माउसचा बाण आपल्या घराच्या नावापुढच्या आवाजाच्या खुणेवर. तो तिथे कधी नेला ते तिला कळलं नव्हतं. एक टिचकी बाकी होती.

ती दिवसभर लोकांना एक गोष्ट बजावत असायची. लांब बसून कधी ती नोंद पुसू नका, जिच्यातून तुम्ही स्वतः आत आला आहात. पुसलीत तर परत आत येता येत नाही. मग त्या घरी जाऊन, त्या मशिनसमोर बसूनच ती पुन्हा लिहावी लागते.

तिने अंबरनाथच्या घराची नोंद निवडली. मशिनने खात्री विचारली. तिने हो म्हटलं.

चित्र गेलं नाही. जाणार नव्हतंच, हेही तिला माहीत होतं. नोंद पुसली तरी आधीपासून चालू असलेली जोडणी ती आपण होऊन तुटेपर्यंत चालू राहते. नवा माणूस येऊ शकत नाही, आत असलेल्याला कुणी ढकलत नाही. लाइट गेली नाही, लॅपटॉप मिटला नाही, तर ही चौकट संध्याकाळपर्यंतही राहिली असती. कदाचित उद्यापर्यंत. जयदेव आल्यावर त्यालाही बघता आलं असतं.

तिने खुर्ची जवळ ओढली आणि पहिल्यांदाच ती चौकट ओढून पूर्ण पडद्याएवढी मोठी केली. उन्नतीच्या एका पायातला बूट निघाला होता. केस कपाळावर चिकटले होते. पोट वरखाली होत होतं, आधी भरभर, मग सावकाश. बोट तोंडातून आपोआप सुटलं आणि तळहात गादीवर उघडा पडला. मागे पुतळाबाई भिंतीला टेकून झोपल्या होत्या, मान एका बाजूला, चष्मा नाकावर घसरलेला. पलीकडे कॅम्प एकमध्ये मनाली अजून गात असेल किंवा थांबली असेल. इथे ते कळायला काही साधन नव्हतं.

पोर गाढ झोपली तेव्हा स्वप्नालीने लॅपटॉपचं झाकण मिटलं. हात त्यावर ठेवून ती थोडी बसली. ब्लाउज कोरडाच होता.

मग झाकण उघडलं, बदलापूरची काळी पडलेली चौकट बंद केली, कामाची खिडकी पडद्यावर ओढून घेतली आणि हेडफोन कानाला लावला. पलीकडे कुणीतरी मघापासून ताटकळत होतं.

"बेटा, लाइन पे हो? कब से बैठा हूँ."

"हां साईं," ती म्हणाली. "बोलिए."